बावीस फेऱ्यांचा हिशेब : बमरोली की डिंडोली?

नोकरी पांडेसऱ्यातल्या प्रोसेसिंग मिलमध्ये आणि आईवडील डिंडोलीत. घर बमरोलीत घ्यायचं की डिंडोलीत? सुरतेत स्थिरावलेल्या कितीतरी खानदेशी घरांत हा प्रश्न चहाबरोबर निघतो आणि भाड्याच्या आकड्यावर मिटतो. या लेखाचं उत्तर मात्र वेगळ्या आकड्यात आहे : २२. घरातल्या मोठ्या माणसांच्या मिळून नातेवाइकांकडे महिन्याला २२ पेक्षा कमी फेऱ्या होत असतील, तर बमरोली. जास्त होत असतील, तर डिंडोली. हा आकडा कसा निघाला ते पुढे मांडलं आहे. तुमच्या घरी तो १५ निघेल किंवा ४०, पण काढायची रीत हीच.

आधी नकाशा. मुंबईहून येणारी रेल्वे सुरतेच्या दक्षिण भागाला उभी चिरत उधन्याला पोचते. रुळांच्या पश्चिमेला उधना गाव, पांडेसरा, भेस्तान आणि त्यांच्याही पश्चिमेला बमरोली. पूर्वेला लिंबायत, नवागाम, डिंडोली. पश्चिमेच्या बाजूला कारखाने जास्त, पूर्वेच्या बाजूला आपली माणसं जास्त. लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांत दुकानांच्या पाट्यांवर पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावं दिसतात आणि ओट्यावर अहिराणी ऐकू येते. बमरोलीतही मराठी कुटुंबं आहेत, पण तिथल्या गल्लीत ओडिया, भोजपुरी, हिंदी, गुजराती आणि मराठी एकाच नळाच्या रांगेत उभ्या असतात.

रस्त्याने मोजलं तर बमरोलीहून पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मिलपर्यंतचं अंतर दोन-तीन किलोमीटर भरतं. उधना स्टेशन साधारण सहा, डिंडोली आठच्या आसपास, सुरत स्टेशन नऊ-दहा. खजोदचा हिऱ्यांचा बाजार, म्हणजे सुरत डायमंड बोर्स, सहा-सात. मुंबईत विरारहून चर्चगेटला रोज साठ किलोमीटर जाणाऱ्या माणसाला ही अंतरं ऐकून हसू येईल. पण तिथे गाडी आहे. इथे रूळ ओलांडायचे मोजकेच पूल आणि त्यांवर पाळी सुटल्यावरची गर्दी. त्यामुळे सुरतेच्या दक्षिण भागात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. मिनिटांत मोजावं, आणि तेही सकाळी सातच्या व संध्याकाळी सातच्या मिनिटांत.

शहर कुणासाठी वाढलं

सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत २००१ मध्ये (आजच्या मोठ्या हद्दीनुसार मोजल्यास) सुमारे २८.७७ लाख लोक होते, २०११ मध्ये ४४.६७ लाख. दहा वर्षांत ५५ टक्क्यांची वाढ. हद्द २००६ मध्ये ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली, म्हणजे जवळजवळ तिप्पट, आणि २०२० मध्ये ती ४६० च्या पुढे सरकली. २०११ ची लोकसंख्या आणि तेव्हाची हद्द धरली तर दर चौरस किलोमीटरला सुमारे १३,७०० माणसं पडतात.

पण घराच्या प्रश्नाला यापेक्षा उपयोगी आकडा दुसराच आहे. २०११ च्या जनगणनेत सुरत शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम साडेसातशे. देशाचा आकडा होता ९४३, गुजरातचा ९१९. मुलींच्या जन्माचं प्रमाण गुजरातेत चिंतेचं आहेच, पण एवढी मोठी दरी त्यातून पडत नाही. ती पडते स्थलांतरातून. एकट्या शहरात स्त्रियांपेक्षा सहा लाखांहून अधिक पुरुष जास्त, याचा अर्थ लाखो माणसांचं कुटुंब ओडिशात, उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये किंवा तापीच्या वरच्या अंगाला खानदेशात मोजलं गेलं.

एकट्या पुरुषाचं गणित सोपं असतं. त्याला मिलच्या जवळ खोली पाहिजे, चौघांत वाटून भाडं पाहिजे आणि जवळ खानावळ पाहिजे. कुटुंब आहेच कुठे जवळ राहायला? ते गावी. पांडेसरा-बमरोली पट्ट्यातल्या चाळवजा इमारती, एका जिन्याला आठ-आठ खोल्या, अशा माणसासाठीच उभ्या राहिल्या. पुढे लग्न होतं, बायको येते, मूल होतं, आईवडीलही येतात, आणि तोच माणूस त्याच पट्ट्यात जुन्याच हिशेबाने घर शोधत राहतो. मला यातली खरी चूक ही वाटते. माणूस बदलला, घरातली डोकी वाढली, पण घर निवडायची रीत एकट्याच्या काळातलीच राहिली.

मराठी माणसांचा सुरतेतला नेमका आकडा काढायला जनगणना फारशी मदत करत नाही, आणि त्याचं कारणही मजेशीर आहे. २०११ मध्ये गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे नऊ लाखांच्या वर होते. पण जनगणना ‘खानदेशी’ ही भाषा मराठीपासून वेगळी मोजते. देशभरात ती सांगणारे साडेअठरा लाखांच्या आसपास. घरी अहिराणी बोलणाऱ्या माणसाने प्रगणकाला काय सांगितलं, यावर तो कुठल्या रकान्यात पडला हे ठरतं. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ दोन रकान्यांत असू शकतात.

बारा तासांच्या दिवसातली मिनिटं

आता मूळ हिशेब. मिलमध्ये काय किंवा लूम्सच्या खात्यात काय, बारा तासांची पाळी ही सुरतेतली रोजची गोष्ट. दिवसाचे चोवीस तास, त्यातले बारा गेले. झोपेला सात धरा. उरले पाच. या पाचात अंघोळ, जेवण, बाजार, मुलाचा अभ्यास, बायकोशी दोन शब्द आणि जाणं-येणं.

घर बमरोलीत असेल तर दारातून निघून गेटवर हजेरी लागेपर्यंत १५ मिनिटं धरू. डिंडोलीहून ४०. यात पुलावरची गर्दी, गाडी लावणं आणि गेटवरची रांग आली. बमरोलीकराची जाण्यायेण्यात ३० मिनिटं जातात आणि पाच तासांतले साडेचार उरतात. डिंडोलीकराची ८० मिनिटं जातात आणि उरतात तीन तास चाळीस मिनिटं.

शहरांचा अभ्यास करणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे. याकोव्ह झहावी यांनी तो मांडला आणि इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केती यांनी १९९४ मध्ये गाजवला : माणूस पायी चालणारा असो की मोटारीतला, दिवसाकाठी प्रवासावर सरासरी तासभरच खर्च करतो. वाहन वेगवान झालं की तो लांब राहायला जातो, वेळ वाचवत नाही. या मापाने बमरोलीकर तासाच्या आत आहे आणि डिंडोलीकर वीस मिनिटं बाहेर. मात्र हा ठोकताळा आठ-नऊ तासांच्या कामावर राहणाऱ्या माणसांकडे पाहून आला असेल, तर बारा तासवाल्याला तो तासही महागच.

महिन्याला कामाचे २६ दिवस धरले तर रोजचा ५० मिनिटांचा फरक १,३०० मिनिटांवर जातो. म्हणजे २१ तास ४० मिनिटं. बमरोलीच्या बाजूने पडणारं वजन एवढं.

आता दुसरं पारडं. बमरोलीहून डिंडोलीतल्या आईवडिलांकडे जायला एका बाजूला ४० मिनिटं, जाऊन-येऊन ८०. डिंडोलीतच राहिलं तर गल्लीतून गल्लीत १० मिनिटं, जाऊन-येऊन २०. म्हणजे एका माणसाच्या एका फेरीमागे ६० मिनिटांचा फरक. १,३०० ला ६० ने भागा : २१.६७. हाच तो बावीसचा आकडा.

नवरा-बायको दर रविवारी आईवडिलांकडे जातात असं धरू. चार रविवार, दोन माणसं, आठ फेऱ्या. बावीसच्या खूप खाली. यांनी बमरोलीतच राहावं. डिंडोलीला गेले तर आठ तास वाचवण्यासाठी साडेएकवीस तास घालवतील. ‘आपल्या माणसांत राहायचं’ म्हणून पूर्वेकडे घर घेणारी बरीच कुटुंबं या गटात मोडतात. महिन्यातून दोनदा मावशीकडे जाण्यासाठी घरातला कमावता माणूस रोज पुलावर उभा राहतो.

पण मूल दोन वर्षांचं आहे, सूनबाई एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात किंवा शाळेत कामाला आहे आणि मुलाला सांभाळणार आजी, असं असेल तर? रोज सकाळी सोडणं, संध्याकाळी आणणं. दिवसाला दोन फेऱ्या, २६ दिवसांच्या ५२. बावीसच्या दुपटीहून जास्त. बमरोलीहून या ५२ फेऱ्यांना ६९ तास २० मिनिटं लागतील, डिंडोलीतून १७ तास २० मिनिटं. फरक ५२ तासांचा. नवऱ्याचे वाढीव २१ तास ४० मिनिटं वजा केले तरी डिंडोली ३० तास २० मिनिटांनी पुढे.

खरं तर बमरोलीचा तो ६९ तासांचा आकडा कधी प्रत्यक्षात येतच नाही. इतकी ये-जा कुणी करत नाही. आठवड्याभरात सूनबाई म्हणते, ‘जाऊ द्या, मीच सोडते काम.’ आणि प्रवासाचा खर्च प्रवासाच्या रकान्यातून निघून तिच्या पगाराच्या रकान्यात जमा होतो. भाड्याची तुलना करताना हा पगार कुणी धरत नाही.

भाड्याचा आकडा कुठे बसतो

भाडं बाजूला ठेवलं तर हा लेख हवेतला होईल, म्हणून तेही धरू. समजा पगार महिना १८,००० रुपये आहे. बारा तास गुणिले २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. ताशी सुमारे ५८ रुपये. वाढीव प्रवासाच्या २१ तास ४० मिनिटांची किंमत सुमारे १,२५० रुपये. डिंडोलीहून मिलला रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर जास्त पडतात असं धरलं तर महिन्याला २६० किलोमीटर. दुचाकी लिटरला ५० किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल ९५ रुपये धरलं तर आणखी ४९४. बेरीज १,७५० च्या आसपास. नातेवाइकांकडे क्वचित जाणाऱ्या माणसाला डिंडोलीची खोली बमरोलीपेक्षा १,७५० रुपयांनी स्वस्त मिळाली, तर बरोबरी. त्याहून कमी फरकाला ती महागच.

उलट बाजूने पाहा. वेळेच्या या दराने भाड्यातले हजार रुपये म्हणजे साधारण १७ फेऱ्या. डिंडोली हजार रुपयांनी स्वस्त असेल तर बावीसचा आकडा पाचवर येतो आणि हजाराने महाग असेल तर ३९ वर जातो. रविवारी जाणाऱ्या कुटुंबाचा आठचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये आहे, म्हणून त्यांचा निर्णय भाडं ठरवतं आणि ते बरोबरच आहे. पण आजीकडे मूल ठेवणाऱ्यांचा ५२ हा आकडा ३९ च्याही वर राहतो. त्यांनी भाड्यात हजार-पंधराशेची घासाघीस करत बसू नये. रुळांपलीकडे जावं.

हे सगळं माझ्या गृहीतकांवर उभं आहे, हे उघड आहे. तुमचा पगार ३०,००० असेल, पाळी आठ तासांची असेल, मिलऐवजी रिंग रोडवरच्या कापड मार्केटात दुकान असेल, तर आकडे घालून पुन्हा भागाकार करा. मार्केटला जाणाऱ्याच्या बाबतीत तर बमरोलीचा फायदाच उरत नाही, कारण लिंबायत मार्केटला बमरोलीपेक्षा जवळ आहे. सचिनच्या कारखान्यात जाणाऱ्याला मात्र उधना दरवाजा ते सचिन या बी.आर.टी.एस. मार्गाचा आधार आहे. सुरतेतला हा पहिला मार्ग जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि तो पांडेसऱ्यावरूनच जातो. बमरोलीहून त्या थांब्यापर्यंत शटल रिक्षा, पुढे बस. बदलावी लागली तरी भरवशाची.

आजीचं अंतर

जवळ राहण्याला आपल्याकडे जिव्हाळ्याची गोष्ट म्हणतात, आणि ती आहेच. पण तिला आकडाही आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्या विनामोबदला कामावर बायका दिवसाला २९९ मिनिटं खर्च करत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली, दरी होती तेवढीच राहिली. याशिवाय मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याची मिनिटं वेगळी.

घरातलं हे ओझं कुणी थोडं उचललं तर काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. जॅनिस कॉम्प्टन आणि रॉबर्ट पोलॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की लहान मुलं असलेल्या विवाहित बायका आईच्या किंवा सासूच्या जवळ राहत असतील, तर त्या नोकरीत असण्याची शक्यता ४ ते १० टक्के अंकांनी जास्त असते. आजीने रोज मूल सांभाळलं पाहिजे असंही नाही. अडल्या वेळी ती आहे, एवढ्यानेही फरक पडतो. अमेरिकेतलं हे माप सुरतेला जसंच्या तसं लावता येणार नाही. पाळणाघरं कमी आणि पाळ्या लांब असलेल्या शहरात आजीचं वजन कमी असेल, असं मात्र मला वाटत नाही.

सिंगापूरने तर हे अंतर सरकारी नियमाच्या भाषेत लिहिलं. २०१५ पासून तिथे आईवडिलांच्या जवळ जुना सरकारी फ्लॅट विकत घेणाऱ्या कुटुंबाला अनुदान मिळतं : जवळ राहिलात तर २० हजार सिंगापुरी डॉलर, एकाच घरात राहिलात तर आता ३० हजार. ‘जवळ’ म्हणजे आधी त्याच टाउनमध्ये किंवा २ किलोमीटरच्या आत होतं, २०१८ मध्ये ते ४ किलोमीटर केलं. हेच ४ किलोमीटरचं वर्तुळ बमरोलीभोवती काढून पाहा. पांडेसरा, वडोद, भेस्तान, अलथाण आत येतात. डिंडोली आणि लिंबायत बाहेर राहतात. सिंगापूरच्या सरकारने बमरोलीकर सुनेला आजीजवळ राहते असं मानलं नसतं.

आणखी दहा वर्षांनी फेऱ्या उलट्या दिशेने सुरू होतात. तेव्हा आजोबांना दवाखान्यात कोण नेणार हा प्रश्न असतो. लिंबायत-डिंडोलीकडून महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय बरं पडतं, बमरोलीकडून मजुरा गेटचं सिव्हिल. आठवड्याला दोनदा डायलिसिस असेल तर नेणं-आणणं धरून महिन्याला सोळा-अठरा फेऱ्या तिथेच होतात. बावीसला फार काही उरत नाही.

गावचं अंतर

सुरतेतल्या खानदेशी माणसाला दोन कुटुंबं असतात. एक रुळांपलीकडे, दुसरं तापीच्या वरच्या बाजूला. उधन्याहून निघणारी तापी लाइन बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोचते. ३०६ किलोमीटर. रूळ एकोणिसावं शतक संपता संपता पडायला लागले, दुहेरी व्हायला एकविसावं शतक उजाडलं. उधना ते नंदुरबार साधारण दीडशे किलोमीटर, गाडी चांगली मिळाली तर तीन तास.

यावरून एक समज आहे : ‘गावी जायचं तर उधना स्टेशन जवळ पाहिजे.’ घर बघताना हे वाक्य दलाल हमखास टाकतो. आकड्यात पाहा. बमरोलीहून स्टेशन सहा किलोमीटर, डिंडोलीहून चारेक. फरक दोनाचा. आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई, दिवाळी आणि एखादं लग्न, अशा वर्षाच्या चार फेऱ्या धरल्या तर जाऊन-येऊन वर्षाला सोळा किलोमीटर. नवऱ्याचा मिलचा वाढीव प्रवास तेवढे किलोमीटर दोन दिवसांत पार करतो. रात्री अकराला पिशव्या आणि झोपलेलं मूल घेऊन उतरल्यावर ते दोन किलोमीटर जड वाटतात हे खरं, पण त्यासाठी रिक्षाला पन्नास रुपये जास्त द्यावेत. घर बदलू नये.

कानबाईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. नैवेद्याच्या रोटासाठी धान्य काढताना कुटुंबातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजायची रीत आहे, आणि रोट भाऊबंदांनीच खायचा. कुटुंबाची ही दरवर्षीची शिरगणतीच म्हणायची, फक्त बायकांची डोकी तिच्यात धरत नाहीत. सुरतेत अनेक घरांनी कानबाई आता इथेच बसवायला सुरुवात केली आहे. ती बसते मोठ्या भावाच्या घरी, आणि मोठा भाऊ बहुधा रुळांपलीकडे. वर्षातून दोन-तीन दिवसांचं हे जाणं बावीसच्या आकड्याला हलवत नाही. नात्यातलं सगळ्यांत मोठं कारण हिशेबात सगळ्यांत लहान, असा हा प्रकार. रोजचा डबा, मुलाची शाळा सुटण्याची वेळ, औषधाची पुडी ही किरकोळ कारणंच पारडं फिरवतात.

विकत घेताना

आतापर्यंतचा हिशेब भाड्याचा होता. वीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्याला आणखी एक गोष्ट बघावी लागते : काम वीस वर्षं तिथेच राहील का?

बमरोलीच्या बाजूने दोन-तीन गोष्टी बोलतात. खजोदचं डायमंड बोर्स डिसेंबर २०२३ मध्ये उघडलं : ६७ लाख चौरस फूट, साडेचार हजारांवर कार्यालयं. तिथे जाणाऱ्यांत हिरे व्यापारी थोडे, सुरक्षारक्षक, सफाईवाले, लिफ्टवाले, कॅन्टीनवाले पुष्कळ. ती कामं बमरोलीला जवळ पडतात. सुरत मेट्रोचा पहिला टप्पा ४०.३५ किलोमीटरचा आणि ३८ स्थानकांचा. भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झालं. यातली २१.६१ किलोमीटरची सरथाणा-ड्रीम सिटी मार्गिका अलथाण आणि भीमराडवरून जाते, म्हणजे बमरोलीच्या पश्चिमेच्या शेजारून. डिंडोली या टप्प्याच्या दोन्ही मार्गिकांच्या बाहेर राहते. नवसारी जिल्ह्यात वांसी इथे सुमारे १,१४० एकरांवर पीएम मित्र कापड पार्क उभं राहायचं आहे. मिल कधी हलल्याच तर त्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे हलतील. लिंबायतकराचा प्रवास त्याने वाढेल, बमरोलीकराचा तुलनेने कमी वाढेल.

मिल इतक्या लवकर हलणार नाहीत असं मानायला एक कारण बमरोलीतच आहे. महापालिकेचा सांडपाणी प्रकल्प इथे आहे आणि २०१४ पासून त्याच पाण्यावर आणखी प्रक्रिया करून रोज ४ कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकण्याची क्षमता उभी केली गेली. डाइंगच्या मिलला कापडाइतकीच पाण्याची गरज. माणशी रोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचं माप धरलं तर ४ कोटी लिटर म्हणजे सुमारे तीन लाख माणसांचं पाणी. शहराचं वापरलेलं पाणी नळाने गेटवर मिळत असताना मिलमालक सहजी उठून जाणार नाही. याच सोयीची दुसरी बाजू घर बघायला जाणाऱ्याने नाकाने तपासावी. वारा कुठून येतो ते संध्याकाळी उभं राहून बघावं, दुपारच्या वेळी दलाल दाखवतो तेव्हा नाही.

पुराचंही तसंच. सुरतेला दोन प्रकारचे पूर माहीत आहेत. ऑगस्ट २००६ चा तापीचा, उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं होतं तो, आणि दुसरा खाडीपूर, जो धरण न फुगताही नुसत्या पावसाने येतो. शहराच्या दक्षिण आणि पूर्व भागातून खाड्या वाहतात, त्यामुळे रुळांच्या कुठल्याच बाजूने निर्धास्त राहता येत नाही. तळमजल्याचं घर घेताना शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावं, पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं. तो बोट ठेवून दाखवतो.

शाळेचा मुद्दा थोडक्यात. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांत शाळा चालवते आणि मराठी त्यातलं एक. मराठी शाळा मराठी वस्तीजवळ जास्त, हे ओघानेच आलं. मूल मराठी माध्यमात घालायचं पक्कं असेल तर शाळेच्या फेऱ्याही बावीसच्या हिशेबात धरा. तेव्हा आकडा डिंडोलीकडे झुकतो. मूल इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात जाणार असेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

माझा निकाल असा. मूल सहा वर्षांच्या आतलं आहे, बायकोला नोकरी टिकवायची आहे आणि आजी रुळांपलीकडे आहे, अशांनी पाच-सहा वर्षांसाठी डिंडोलीत भाड्याने राहावं, विकत घेऊ नये. मूल शाळेला लागलं की फेऱ्या ५२ वरून आठावर येतात आणि तेव्हा बमरोली किंवा पांडेसऱ्याच्या जवळपास घर बघावं. नवीन लग्न झालेल्यांनी आणि मुलं मोठी झालेल्यांनी बमरोली सोडायचं कारण नाही. भाडेकरार नाहीतरी अकरा महिन्यांचा असतो. तो नवा करायच्या आधी गेल्या महिन्यातल्या फेऱ्या मोजा. आणि मूल आजीकडे ठेवायचं ठरवताना आजीला आधी विचारा. तिच्या वेळेचा दर या हिशेबात शून्य धरलेला आहे.